ओल्या काँक्रीटचा तपासणी संच: कोन चोख, साच्यांपाशी घोडं अडतं

स्लम्प कोन (ओल्या मालाचा ढीग किती खाली बसतो, म्हणजे स्लम्प, ते मोजायचा पत्र्याचा शंकू), तळप्लेट, सळई, स्कूप आणि १५० मिमीचे सहा बिडाचे क्यूब साचे; त्यांत भरलेले ठोकळे घट्ट झाल्यावर दाबयंत्रात फोडून ताकद मोजतात. साइटवर ओलं काँक्रीट तपासायला एवढं सामान पुरतं, आणि या संचात ते सगळं एका पेटीत येतं. विकताना भर कोनावर असतो. पण निकालाची अब्रू साच्यांवर अवलंबून असते, म्हणून पेटी उघडल्यावर जास्त वेळ त्यांच्यावर घालवा.

कोनाबद्दल तक्रार नाही. आतून तळाचा व्यास २०० मिमी, तोंडाचा १००, उंची ३००. तिन्ही मापं बरोबर आहेत. पत्रा जाड आहे, पाय ठेवायच्या पट्ट्या बूट मावतील इतक्या रुंद आहेत. आतला वेल्डिंगचा जोड घासून सपाट केलाय का, हे बोट फिरवून बघावं. जोड वर आलेला असेल तर कोन उचलताना माल तिथे धरला जातो आणि ढीग एका बाजूने फाटतो. दोष काँक्रीटचा नसतो, पण वहीत तसा लागतो. इथे तो जोड बोटाला लागत नाही. वापरून झाल्यावर कोन लगेच धुवा; आत वाळलेल्या सिमेंटचा थर तेच नुकसान करतो.

सळई १६ मिमी जाडीची, ६०० मिमी लांब, टोक गोल केलेलं. ही हरवली की बांधकामातली पिळाची सळई कापून वापरायची पद्धत सर्रास दिसते, ती बंद करा. सपाट कापलेलं टोक खडी खाली ढकलतं आणि सळईवरचे पीळ वर येताना माल ओढून आणतात.

तळप्लेट मात्र पातळ आहे. मधोमध उभं राहिलं की लवते, आणि कोन उचलताना प्लेट हलली तर ढीग जास्त बसतो. खाली सपाट, घट्ट जागा करूनच ती मांडावी. कोन आणि प्लेट ओलसर हवेत, पाणी साचलेलं नको. माल तीन थरांत भरायचा, दर थराला २५ टोले, आणि वरच्या थरांना टोले देताना सळई खालच्या थरात जेमतेम शिरली पाहिजे. तोंड सपाट करून, कडेला सांडलेला माल पुसून, कोन तीन ते पाच सेकंदांत सरळ वर उचलायचा, पिळायचा नाही. ढीग एका बाजूला घसरला तर ते माप धरू नये, नवा माल घेऊन पुन्हा करावं. दुसऱ्यांदाही घसरला तर मालाला चिकटपणा कमी आहे, बहुतेक वेळा वाळूचं प्रमाण तपासावं लागतं. ढीग पार पसरलाच तर कोन काही सांगू शकत नाही; अशा वाहत्या मालाला पसराचा व्यास मोजणारी चाचणी हवी.

आता साचे. प्रत्येक साचा दोन अर्ध्या भागांचा, बोल्टने जोडलेला, खाली वेगळी तळप्लेट. सहापैकी दोन साच्यांच्या जोडात फट आहे. उजेडापुढे धरलं की नुसत्या डोळ्यांना दिसते. अशा फटीतून टोले देताना सिमेंटचं पाणी गळतं, कोपऱ्यात नुसती खडी उरते आणि क्यूब त्या कडेपासून फुटायला लागतो. आकडा कमी येतो आणि ठपका माल देणाऱ्यावर बसतो. घेताना प्रत्येक साच्याला आतून गुण्या लावा, समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने वर-खाली दोन ठिकाणी मोजा, मग बोल्ट आवळून साच्यात पाणी भरा. जोडाला ग्रीसचा पातळ हात दिल्यावरही पाणी ठिबकत राहिलं तर साचा परत करा. एक बाजू १४८ मिमी भरली तर क्षेत्रफळात जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक पडतो, तो हिशेबात धरता येतो. काटकोन बिघडलेला किंवा बाजू फुगलेली असेल तर मात्र इलाज नाही. दाब एका कडेवर येतो आणि क्यूब चारही बाजूंनी सारखा फुटण्याऐवजी तिरका चिरतो.

एका स्लम्पला साडेपाच लिटर आणि सहा क्यूबना सव्वावीस लिटर माल लागतो, त्यामुळे नमुना किमान तीस लिटरचा घ्यावा. तोही गाडीतून माल पडताना मधल्या भागातला, अगदी सुरुवातीचा किंवा शेवटचा नको. घेतल्यावर फावड्याने परतायला मोठा ट्रे हवा, तो या संचात नाही. क्यूबही तीन थरांत भरायचा, पण इथे दर थराला ३५ टोले. मग बाहेरून साच्याला हलके ठोके, म्हणजे अडकलेली हवा वर येते. यात कुचराई झाली तर फटका मोठा बसतो: पाच टक्के पोकळी राहिली तर ताकद तीस टक्क्यांच्या आसपास घटू शकते. साधी खूण वजनाची. नेहमीच्या खडीचा नीट कुटलेला क्यूब आठ किलोच्या थोडा वर भरतो. सोबतच्या क्यूबपेक्षा एखादा तीन-चारशे ग्रॅमने हलका भरला तर दाबयंत्रावर ठेवण्याआधीच तशी नोंद करावी. आणि थापीने गुळगुळीत केलेली वरची बाजू यंत्राच्या प्लेटला कधीही लावू नये, साच्याला टेकलेल्या बाजूच दाबाखाली हव्यात.

या जागी प्लास्टिकचे एकसंध साचे घ्यावेत का? गळतीचा प्रश्न मिटतो आणि वजन कमी, हे खरं. पण त्यातून क्यूब काढायला तळाच्या भोकातून हवा मारावी लागते. पंप नसला की साचा उलटा करून आपटला जातो आणि चोवीस तासांच्या कोवळ्या क्यूबच्या कडा तुटतात. उन्हात पडून राहिले तर साचे वाकतातही. हवेचा पंप आणि सावलीची जागा असेल तर प्लास्टिक, नाहीतर बीडच बरं.

संचासोबतचं माहितीपत्रक स्लम्पवरून ताकदीचा अंदाज देणारा तक्ता छापतं. तो फाडून टाकावा. ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते, हे अमेरिकी संशोधक डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्येच मांडलं होतं. रसायन घालून सैल केलेला माल भरपूर बसूनही ताकदवान असतो, आणि नळीने पाणी मारून सैल केलेला माल तेवढाच बसून कमकुवत निघतो. ढोबळ हिशेब असा की घन मीटरला पाच लिटर पाणी वाढवलं की स्लम्प साधारण २५ मिमीने वाढतो. सहा घन मीटरच्या गाडीत ते तीस लिटर होतं, म्हणजे नळी दोन-तीन मिनिटं सोडली की झालं. कोनाचा खरा उपयोग इथे आहे: एकाच मिश्रणाच्या दोन गाड्यांमध्ये स्लम्पचा मोठा फरक आला की ओतण्याआधी गाडी थांबवून विचारता येतं.

जास्तीचे पैसे घेऊन जोडीला रिबाउंड हॅमर दिला जातो. तो ओल्या काँक्रीटचं यंत्रच नाही, घट्ट झालेल्या पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. जुन्या, कार्बोनेशन झालेल्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरून कडक झालेल्या) पृष्ठभागावर तो आकडा फुगवूनही दाखवतो. त्याऐवजी दोन साचे, एक रबरी हातोडी आणि साच्यांचे जास्तीचे बोल्ट मागून घ्या; बिडाच्या साच्यात सगळ्यात आधी झिजतात ते बोल्टच.