कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर सहा इंची एक्झॉस्ट फॅन: सात महिने वापरून

परवा गुरुवारी फॅन गेला. नुसता हूंऽऽ करतोय, पातं फिरत नाही, बोटानं ढकललं की फिरतं. म्हणजे मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर गेला. साठ-सत्तर रुपयांचं काम. पण त्या निमित्ताने जे कळलं ते लिहायलाच हवं, कारण एप्रिलमध्ये हाच जुगाड मी तीन-चार जणांच्या गळ्यात मारलाय.

मशीन साधंच. आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसर, त्याच्याच खोक्यातून आलेला कूलर (वर बसतो तो पंखा), ग्राफिक कार्ड नाही. घर सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला. तिकडे राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको: हळदीचा सीझन लागला की फरशी, पडदे, गाडीची सीट, सगळ्यावर पिवळी पूड. दोन अडत दुकानांचे हिशोब मी घरून लिहितो, आणि काम नेमकं त्याच महिन्यांत अंगावर येतं.

मार्च एंडच्या तोंडावर मशीन आपोआप बंद पडायला लागलं. दुकानात नेलं. तपासणीचे तीनशे घेतले आणि "साहेब, बोर्ड गेलाय, नवीनच घ्या." मागचे स्क्रू बघितले तर त्यांच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. न उघडताच निदान! ते तीनशे रुपये मी अजून विसरलेलो नाही.

घरी आणून तापमान बघितलं. ब्राउझर आणि हिशोबाची टॅली एकदम उघडली की थेट १०० अंश. तिथे हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, तरी भागलं नाही की मशीन बंद. मग झाकण काढलं. कूलरखालच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, फटींत पिवळा थर, नखानं उचकला तर वडीसारखा निघाला. कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक वर आलेली. ब्रशने साफ केलं, पिन टक्क आवाज येईस्तोवर दाबली, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट नवीन लावली. (शेजारचे काका टूथपेस्ट लाव म्हणत होते. त्यांनी स्वतःच्या मशीनला लावली होती, तीन आठवड्यांत तिचा खडू झाला.)

तिथेच थांबायला हवं होतं. पण खोलीत ३९ अंश आणि डोक्यात राग. आधी घरातला पाण्याचा कूलर कॅबिनेटसमोर लावला. हवा गार, पण पाणी बोअरचं. तुषार वाळले की टेबलावर पांढरे ठिपके. तो क्षार बोर्डावर बसला तर संपलंच, म्हणून चार दिवसांत बंद. बायको म्हणाली, "हरिपूरला पेवात ठेवा की हळदीबरोबर." पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. तिथेही २०१९ च्या पुराचं पाणी शिरलं होतं, एवढंच मी म्हणालो.

मग माळ्यावरचा बाथरूमचा जुना एक्झॉस्ट काढला. बाजूच्या पत्र्याला भोक पाडून बसवला, गरम हवा बाहेर ओढायला. पहिले पंधरा दिवस मी स्वतःवर खूश. वीस दिवसांनी उघडलं तर आत पुन्हा पिवळं, आधीपेक्षा जास्त. फॅन आतली हवा बाहेर ओढतो म्हणजे तेवढीच बाहेरची हवा प्रत्येक फटीतून आत येते, आणि आमच्याकडे बाहेरची हवा म्हणजे हळद. शिवाय प्रोसेसरचा पंखा त्याच बाजूने हवा घेऊन बोर्डाकडे फेकतो आणि हा त्याच्या तोंडचा घास काढतो. फॅन उलटा बसवला, आत फुंकणारा. जागच्या जागी चार अंश उतरले.

आता प्रश्न गाळणीचा. खरं तर लिहायचंय ते याच्यावरच. मच्छरदाणी लावली, हळद आरपार. पंचा लावला, हवाच येईना. आईची जुनी नऊवारी फाडायचा विषय काढला आणि दोन दिवस घरात अबोला. शेवटी बायकोची शिफॉनची ओढणी, दुहेरी घडी, भोवती इलॅस्टिक. अप्रतिम. कागद धरून बघितला, हवा जेमतेम कमी होते आणि पूड सगळी कापडावर. दर रविवारी झटकायची आणि धुवायची. पहिल्यांदा कपडे धुवायच्या साबणात बुचकळली तर बादली लालभडक. मला वाटलं रंग गेला, आता बोलणी खावी लागणार. आई लांबूनच म्हणाली, "अरे, हळदीला खार लागला की लालच होणार. कुंकू कसं करतात मग?" साध्या पाण्यात खळबळली की परत पिवळी. तेव्हापासून माझा रविवारचा छंदच झालाय: बादली किती लाल झाली त्यावरून यार्डात आवक किती, याचा अंदाज बांधायचा. उन्हाळ्यात गडद, जुलैपासून नुसती गुलाबी.

फॅनचा आवाज? बाथरूममध्ये बसून हिशोब लिहितोय असं वाटतं. रेग्युलेटर लावून थोडा कमी झाला. त्याला वेगळा स्विच, तो दोनदा विसरलो.

तर गुरुवार. फॅन बंद आणि माझं काम चालू, मला तासभर कळलंच नाही. धसकून तापमान बघितलं: ७१. आदल्या दिवशी फॅनसकट ६६ होतं. खोली दोन्ही दिवशी ३२-३३. पाच अंश! सात महिने ज्याला श्रेय दिलं त्याचं काम एवढंच. बाकीचं सगळं त्या एका पिनेनं, पेस्टनं आणि आत हळद न गेल्यानं झालं होतं. मग कागद घेऊन बसलो. फॅन ४० वॅटचा, रोज दहा तास, महिन्याला १२ युनिट, आमच्या बिलाप्रमाणे जवळजवळ शंभर रुपये. सात महिन्यांचे सातशे. कॅबिनेटचा १२० मिलिमीटरचा पंखा दोन-तीन वॅट खातो आणि चारशेत येतो. म्हणजे फुकटचा फॅन मला तीनशे रुपयांनी महाग पडला. पुन्हा तेच तीनशे.

पंखा काल आणून बसवला. ६७-६८ वर चालतोय, आवाज नाही. जुना एक्झॉस्ट कपॅसिटर बदलून बाथरूममध्ये. ज्यांना मी तो लावायला सांगितला त्यांनी काढला तरी चालेल, कापड मात्र काढू नका. आमची ओढणी नव्या पंख्याला मोठी होते, कापावी लागेल. दिवाळीची आवराआवर चालू आहे, बायकोनं दोनदा विचारलं की ती गुलाबी सेटवरची ओढणी कुठे आहे. गुलाबी होती हे मलाही आत्ताच कळलं.