चैत्रात कयाक कुठे घालावी: धोमच्या भिंतीमागे, भिंतीखाली की सांगलीला?

श्रावणात ज्या ओढ्यांना उतार मिळत नाही, त्यांत होळीनंतर म्हशींना बसायला डबकंही सापडत नाही. सातारा-सांगली भागात कयाक घेऊन निघणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. चैत्रात वाहतं पाणी जवळपास नसतंच, जे असतं ते अडवलेलं किंवा धरणातून सोडलेलं. त्यामुळे नदी कोणती यापेक्षा ती कुठे आणि कशाने अडवली आहे, हे पाहून जागा ठरवावी. एकट्या कृष्णेवरच याची तीन वेगवेगळी रूपं दिसतात.

पहिलं वाईजवळचं धोम धरण. साठा 13.5 टीएमसी, त्यामुळे चैत्रातही फुगवट्यात वल्ही मारण्यापुरतं पाणी राहतं. समोर कमळगड, काठावर गव्हाची कापणी उरकलेली शेतं. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. प्रवाह नाही, थकलात तर थांबता येतं. सांभाळायचं ते वाऱ्याला. खोरं पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतं आणि दुपारचा पश्चिमेचा वारा त्यातून थेट भिंतीच्या दिशेने येतो. म्हणून सकाळी उजाडताच पाण्यात उतरा, आधी वरच्या अंगाच्या जोर गावाच्या बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जा, आणि अंगात ताकद आहे तोवर मागे फिरा. उतरण्याची जागा भिंतीपासून लांबची निवडा. भिंतीच्या आणि सांडव्याच्या आसपास जाऊच नये. दुसरी अडचण काठाची. पाणी मागे हटलं की वरून वाळलेला दिसणारा गाळ आत गुडघाभर ओला असतो. जिथे गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, केलेली आहे तिथे कुणाचं तरी पीक उभं असतं, त्यातून कयाक ओढत नेऊ नका. गुरं पाण्यावर जातात ती वाट धरा, ती हमखास घट्ट असते.

दुसरं रूप भिंतीखालचं, धोम ते वाई. छोट्या नदीची मजा हवी असेल तर ती इथेच. पात्र अरुंद, करंजाची सावली, वळणावर मेणवलीचा अर्धचंद्राकृती घाट. तो घाट पाण्यातून पाहिला की नदीकडे तोंड करून का बांधला ते डोळ्यांनाच कळतं. मला स्वतःला हाच पट्टा सगळ्यांत जास्त आवडतो, तरी पहिल्यांदा येणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. बंधाऱ्यांच्या मागे पाणी तुंबलेलं असतं, तेवढाच भाग वल्हवता येतो. मधल्या खडकाळ पट्ट्यात कयाक खांद्यावर घ्यावी लागते. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर वरून उडी घ्यायचा विचारही नको. खाली पाणी जागच्या जागी गुंडाळत राहतं आणि लाइफ जॅकेट घातलेल्या माणसालाही सोडत नाही. बर्गे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला लावलेल्या फळ्या, दिसले की बऱ्याच आधी काठ धरायचा.

याहून फसवे असतात ते उपसा मोटारींचे पाइप आणि केबल. काही पाण्याखाली हातभरच असतात, त्यांना वल्हं लावू नका. शिवाय आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरल्या पाळीने सोडलेलं धरणाचं पाणी. धरणातून नदीत पाणी सोडलं की कोरडा दिसणारा पट्टा थोड्या वेळात बदलतो. आदल्या दिवशी पाटबंधारे कार्यालयात किंवा निदान काठावरच्या शेतकऱ्याला विचारा. आवर्तन कधी सुटणार हे त्याला पाठ असतं. घाटावर दशक्रिया चालू असेल तर वल्ही थांबवून पलीकडच्या काठाने शांतपणे पुढे जावं. आणि रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनची बगाड यात्रा असते, त्या दिवशी वाईकडे गाडीवर कयाक बांधून निघू नका.

तिसरी सांगली. पात्र रुंद, पाणी संथ, आयर्विन पुलाखाली दृश्य देखणं, होड्यांच्या शर्यतींची परंपराही इथली. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत आणि त्यांनी माणसं धरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. फेब्रुवारी-मार्च हा मादीचा अंडी घालण्याचा काळ. पुढचे दोनेक महिने ती काठावरचं घरटं राखत असते. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या अगदी बरोबरीला बसतो, हात पाण्यापासून वीतभर वर. त्यात शेरीनाल्याचं सांडपाणी. मगर नदीची आहे, तिच्या विणीच्या दिवसांत आपण लांब राहावं.

सांगलीकरांनी सरळ वाई गाठावी किंवा साताऱ्याजवळच्या कण्हेर धरणाचा फुगवटा पाहावा. बामणोलीचा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, फार सुंदर, पण विस्तार अफाट, मोटारबोटींची ये-जा आणि पलीकडच्या काठाला कोयना अभयारण्य, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही. सराव झाल्यावरच तिकडे जा.

कयाक कोणती? धोमच्या वाऱ्यात टणक प्लास्टिकची सरळ चालते. हवा भरायची वाहून न्यायला सोपी, म्हणून भिंतीखाली सोयीची. पण काठावर बाभळीचे काटे पडलेले असतात, तेव्हा ती घासत ओढू नका आणि पंक्चरचं सामान जवळ ठेवा.

वर्षातली पहिलीच खेप असेल तर धोमचा फुगवटा, सकाळी, जोडीला कुणीतरी घेऊन. बंधारे ओळखता येत असतील आणि आवर्तनाची खात्री केली असेल तर मेणवली. आणि वळवाचे ढग जमू लागले की दोन्हीकडचं बंद. उघड्या पाण्यावर वीज डोक्यावर येईपर्यंत काठ गाठायला वेळ मिळत नाही.