मेरीमोसेच्या मातीच्या शंकूची प्रतिकृती: ठसा उत्तम, लांबी अपुरी

इजिप्तमधील प्राचीन थीब्जच्या, म्हणजे आजच्या लक्सरच्या पश्चिम तीरावरील थडग्यांशी निगडित अशा मातीच्या ठसाशंकूची ही प्रतिकृती मी ऑनलाइन मागवली. इ.स.पू. 14व्या शतकातील फारो (राजा) तिसऱ्या आमेनहोतेपचा कुशमधील (इजिप्तच्या दक्षिणेकडील प्रदेशातील) राजप्रतिनिधी मेरीमोसे याचे नाव आणि ‘कुशचा राजपुत्र’ ही पदवी (रक्ताचे नाते नव्हे, निव्वळ हुद्दा) शंकूच्या गोल तोंडावर उभ्या ओळींत उठावदार उमटली आहे. ओल्या मातीवर ठसा दाबताना काठाशी जी किंचित वळी उठते, तीसुद्धा कारागिराने जपली असून बोट फिरवले की ती जाणवते. वेष्टन चोख होते.

तक्रार आहे ती लांबीची. मूळ शंकू मागे निमुळते होत जात, कारण थडग्याच्या दर्शनी भागात, प्रवेशद्वाराच्या वर ते ओळीने रुतवले जात आणि बाहेर दिसे ते फक्त गोल तोंड. इथे मागचा भाग चार बोटांवर छाटून सपाट केल्यामुळे वस्तू पेपरवेटसारखी भासते. सोबतच्या चिठ्ठीत ‘ममीच्या उशाशी ठेवायची वस्तू’ असे छापले आहे, तेही साफ चूक. ठशासाठी जरूर घ्यावी. चिठ्ठी मात्र वाचू नये.