भाच्याने आणलेली २०२० ची लाल वाईन: पाचपैकी दोन, त्यातला एक भाच्याला

बाटली कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची, काबर्ने सोव्हिन्यों जातीच्या द्राक्षाची, साल २०२०. भाचा तिकडेच असतो, चतुर्थीला घरी आला तेव्हा घेऊन आला. "मामा, अर्ध्या किमतीत मिळाली!" वाइनरीचं नाव लिहीत नाही. अर्धी किंमत का, हे दुकानवाल्यांनी त्याला सांगितलं होतं. भाच्याने ते मला सांगायचं राहून गेलं.

पाच दिवसांचा गणपती पोचवला, दुसऱ्या दिवशी बांगडे तळले आणि बूच काढलं. रंग पिकल्या जांभळाचा. वासही जांभळाचा, मागे किंचित लवंग. पहिला घोट झकास. गिळून झाल्यावर मात्र जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी उमटायला लागलं: ओलं बोट सकाळच्या विझलेल्या चुलीत घालून चाटावं, तसं. दुसऱ्या घोटाला ते वाढलं, तिसऱ्याला बांगड्याची चवही गेली.

बायको म्हणाली, "मला कायच लागत नाही. बरी आहे की!" आणि तिने दुसरा ग्लास भरून घेतला.

एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्यात, त्यामुळे स्वस्थ बसवेना. रात्री वाचत बसलो. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिथे विजा पडून वणवे लागले, सप्टेंबरअखेर आणखी एक मोठी आग लागली, आणि द्राक्षं नेमकी पिकायला आलेली. लाकूड जळताना ग्वायकॉल, क्रेसॉल असली द्रव्यं धुरात येतात. ती सालीतून आत शिरतात आणि द्राक्ष त्यांना साखरेशी बांधून टाकतं. राख धुऊन जाईल, हे जात नाही. म्हणून द्राक्ष चाखून काही कळत नाही. रस आंबताना त्यातली काही गाठ सुटते, उरलेली तोंडात, लाळेने. लाळ माणसागणिक वेगळी, म्हणून काहींना ती चव जाणवतच नाही. बायको सुटली ती अशी. लाल वाईन सालींसकट आंबवतात, म्हणून मार तिला जास्त. त्या वर्षी नापात अनेकांनी लाल वाईन काढलीच नाही. या बाटलीवाल्याने काढली.

ऑस्ट्रेलियात २००३ च्या वणव्यांनंतर हा अभ्यास सुरू झाला. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२१ मध्ये ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठांना चार वर्षांसाठी साडेशहात्तर लाख डॉलर दिले. नुसतं ग्वायकॉल मोजून राखेची चव का उलगडत नाही, हे कोडं होतं. ओरेगनवाल्यांना वाईनमध्ये थायोफिनॉल ही गंधकाची संयुगं सापडली. घडांवर आधीच लेप फवारून धूर अडवता येतो का, तेही ते बघतायत. आमच्या शाळेत गंधकाच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं की मला ओरडा बसायचा, ते आठवलं.

आता कोणी म्हणेल, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला धुराचं काय कौतुक? आमचे सासरे काजूच्या दारूची भट्टी लावायचे. पण भट्टीचा धूर डोळ्यांत जातो, कपड्यांत जातो. भाणाचं, म्हणजे भट्टीवरच्या हंड्याचं, तोंड नीट लिंपलेलं असलं की आतल्या निऱ्याला, म्हणजे काजूच्या रसाला, शिवत नाही. हुर्राकाला, म्हणजे पहिल्या धारेच्या दारूला, धूर लागला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य पेटलं, वरून हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, आणि काजूचे बोंडू झाडावर पिकत होते. त्या मोसमात हुर्राकाचा पहिला घोट घेऊन सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं होतं. आम्ही दोष लिंपणाऱ्याला दिला. बिचारा अजून बोलत नाही आमच्याशी.

बाटलीविषयी: तळलेल्या मासळीबरोबर अजिबात नको. काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर निदान सोसवते. थंड केल्यावर राख जरा मागे सरली, इतकंच. पूर्ण किमतीला घेऊ नका.

उरलेली अर्धी बाटली फ्रीजमध्ये आहे. बायको रोज जेवताना थोडी ओतून घेते आणि ग्लास माझ्यासमोर धरते, "कुठे आहे राख? दाखवा बघू."