ऑफेन्सिव्ह लाइनची फेरउभारणी: कॅन्सस सिटी, सिनसिनाटी आणि फिलाडेल्फिया यांच्या तीन वाटा

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकसमोर उभी राहणारी पाच जणांची फळी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल अशी तिची मांडणी असते. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यासाठी जे दोन-तीन सेकंद मिळतात, ते हीच माणसे मिळवून देतात आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याची वाटही तीच मोकळी करतात. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील एखाद्या संघाची ही फळी हंगामात कोलमडली, तर पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच्या सहा-सात महिन्यांत ती पुन्हा उभी करण्याचे तीन मार्ग असतात: करारमुक्त झालेले अनुभवी खेळाडू फ्री एजन्सीतून घेणे, दुसऱ्या संघाशी ट्रेड म्हणजे अदलाबदल करणे, किंवा ड्राफ्टमधून, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या निवडीतून, तरुण खेळाडू निवडून त्यांना घडवणे. कोणताही संघ यांपैकी एकाच मार्गावर विसंबत नाही. पण भर कशावर द्यायचा हे ठरवावेच लागते. आपल्या संघाने काय करायला हवे याविषयी ज्यांना ठाम मत बनवायचे आहे, त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांतील तीन ठळक उदाहरणे येथे शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत.

त्याआधी वेळापत्रक लक्षात घ्यायला हवे, कारण निम्म्या चुका त्यातूनच होतात. करारमुक्त खेळाडूंचा बाजार मार्चच्या मध्यावर उघडतो आणि ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस होतो, म्हणजे ड्राफ्टमध्ये कोण हाती लागेल हे कळण्याआधीच बाजारातला मोठा खर्च करावा लागतो. वसंतातील नऊ आठवड्यांच्या सरावात खरी अंगाला अंग भिडवणारी झुंज वर्ज्य असते, आणि २०२० च्या खेळाडू-मालक करारानुसार उन्हाळी शिबिरातही पूर्ण संरक्षक साहित्यासह होणाऱ्या सरावांची संख्या १६ वर मर्यादित आहे. लाइनमनचे काम एकट्याच्या ताकदीवर चालत नाही. समोरचे दोन बचावपटू एकमेकांच्या वाटा छेदत आत घुसतात, तेव्हा कोणी कोणाला सोडायचे आणि कोणाला उचलायचे, हे शेजारच्या दोघांना न बोलता समजावे लागते. ही समज कागदावर किंवा नुसत्या चालीच्या सरावात येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये घेतलेले नवे खेळाडू ऑगस्टपर्यंत खऱ्या अर्थाने एकत्र खेळलेलेच नसतात.

कॅन्सस सिटी चीफ्सचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी झालेल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, टॅम्पा बेने त्यांना ३१-९ असे हरवले. दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतींमुळे बाहेर होते आणि क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला जवळजवळ संपूर्ण सामना पळत काढावा लागला. सुमारे महिन्याभरात संघाने या दोघांनाही मोकळे केले. त्यानंतर न्यू इंग्लंडचा गार्ड जो थूनी याला पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलरचा करार देण्यात आला. बाल्टिमोरला ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची निवड (खेळाडू निवडण्याचा हक्क) आणि आणखी काही निवडी देऊन ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर हा टॅकल आणण्यात आला. ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत गार्ड ट्रे स्मिथ मिळाला. महाविद्यालयीन काळात फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्यामुळे अनेक संघ स्मिथला घ्यायला कचरले होते. २०२१ च्या पहिल्या सामन्यात उतरलेले पाचही जण सुपर बोलमधील पाचांहून वेगळे होते. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, उजवा टॅकल सोडला तर याच फळीने नियमित हंगामात ७० सॅक करणाऱ्या फिलाडेल्फियाला सुपर बोलमध्ये एकही सॅक करू दिला नाही आणि चीफ्सनी सामना ३८-३५ असा जिंकला. (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे म्हणजे सॅक.)

या कथेतील एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या विजयी फळीत उजवीकडचा टॅकल होता अँड्र्यू वायली, आणि टॅम्पा बेविरुद्ध कोसळलेल्या फळीतही त्याच जागी तोच होता. म्हणजे फळी कोसळली म्हणून त्यातला प्रत्येक माणूस टाकाऊ ठरत नाही. शेजारचा गार्ड भक्कम असला की मध्यम कुवतीचा टॅकलही निभावून नेतो, कारण त्याला आतल्या बाजूची काळजी करावी लागत नाही. फेरउभारणीचा निर्णय घेणाऱ्याने आधी हे तपासले पाहिजे की आपला दुबळा दिसणारा खेळाडू खरोखर दुबळा आहे, की शेजारच्या दोघांची चूक त्याच्या खात्यावर मांडली जात आहे.

सिनसिनाटी बेंगल्सनी एका वर्षाने जवळपास सगळा भार बाजारावर टाकला. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर त्यांनी टॅकल पेनाय स्यूएलऐवजी रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जामार चेस निवडला होता. चेस उत्कृष्ट निघाला आणि संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला, म्हणून ती निवड चुकली असे मी म्हणणार नाही; परंतु त्या हंगामात त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याला नियमित सामन्यांत ५१ आणि बाद फेरीत आणखी १९ वेळा पाडण्यात आले, आणि त्यांतले सात सॅक तर रॅम्सविरुद्ध २३-२० असा हरलेल्या अंतिम सामन्यातच झाले. मार्च २०२२ मध्ये त्यांनी टॅम्पा बेकडून गार्ड ॲलेक्स कॅपा, न्यू इंग्लंडकडून सेंटर टेड कॅरस आणि डॅलसने मोकळा केलेला टॅकल लाएल कॉलिन्स असे तीन अनुभवी खेळाडू घेतले. चौथ्या फेरीत निवडलेला कॉर्डेल व्होल्सन डाव्या गार्डच्या जागी आला आणि जोना विल्यम्स हा एकच जुना माणूस आपल्या जागेवर राहिला.

पुढे जे घडले ते बाजारावर भिस्त ठेवणाऱ्यांनी नीट वाचावे. पहिल्या दोन सामन्यांत बरोला अनुक्रमे सात आणि सहा वेळा पाडण्यात आले. उरलेल्या संपूर्ण नियमित हंगामात मात्र ही संख्या २८ वर थांबली. माणसे तीच होती, फक्त त्यांना एकत्र खेळायला सामने मिळाले. ऑगस्टमध्ये न जमलेली गोष्ट ऑक्टोबरमध्ये जमली, आणि ज्या संघाला सप्टेंबरमधील दोन पराभव परवडतात त्यालाच हा मार्ग परवडतो. दुसरा धडा डिसेंबर-जानेवारीत मिळाला. कॉलिन्सचा गुडघा गेला, मग कॅपा आणि विल्यम्स जायबंदी झाले, आणि कॅन्सस सिटीविरुद्धच्या एएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात पाचांपैकी तीन जण नव्हते. बरो पाच वेळा पडला आणि संघ २३-२० असा हरला. कॉलिन्स त्यानंतर बेंगल्ससाठी एकही सामना खेळला नाही. तिशीच्या उंबरठ्यावरचा, पाठीच्या तक्रारी असलेला टॅकल तीन वर्षांच्या करारावर घेणे हा त्या खरेदीतील सर्वांत कमकुवत दुवा होता. शिवाय तीन सुरुवातीचे खेळाडू विकत घेतल्यावर सहाव्या आणि सातव्या माणसाकडे द्यायचे तेवढे लक्ष दिले गेले नाही, असे माझे मत आहे. बेंगल्सनी पुढच्याच मार्चमध्ये चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलर देऊन ऑर्लँडो ब्राउनला आणले. म्हणजे कॅन्सस सिटीने ट्रेडमध्ये पहिल्या फेरीची निवड देऊन मिळवलेला टॅकल दोनच हंगामांत त्यांच्या हातून गेला, कारण दीर्घ कराराबाबत दोघांचे जुळले नाही.

ट्रेडची खरी जोखीम इथे दिसते. आपण फक्त खेळाडू घेत नाही, त्याच्या पुढच्या कराराची वाटाघाटही आपल्या अंगावर घेतो आणि ती वाटाघाट करताना त्याचे पारडे जड असते, कारण त्याच्यासाठी निवड आधीच खर्ची पडलेली असते. ब्राउन गेल्यावर कॅन्सस सिटीची डाव्या टॅकलची जागा पुढच्या दोन हंगामांत स्थिर झाली नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये गार्ड असलेल्या थूनीलाच तिथे उभे करावे लागले आणि महोम्सला सहा वेळा पाडण्यात आले.

तो सामना ४०-२२ असा जिंकणारा संघ होता फिलाडेल्फिया ईगल्स, आणि त्यांची फळी तिसऱ्या मार्गाने तयार झाली होती. लेन जॉन्सन २०१३ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेला. लँडन डिकरसन २०२१ च्या दुसऱ्या फेरीतला. आणि डावा टॅकल जॉर्डन मेलाटा हा तर ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगचा खेळाडू, ज्याने २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवड होण्याआधी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. तो पहिल्यांदा नियमित सामन्यात उतरला तो २०२० मध्ये. सेंटर जेसन केल्सी हा २०११ मधील सहाव्या फेरीचा खेळाडू. तो मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला, पण त्याचा वारस कॅम जर्गन्स २०२२ मध्येच दुसऱ्या फेरीत घेऊन ठेवलेला होता. जर्गन्सने एक वर्ष बसून पाहिले, एक वर्ष उजव्या गार्डच्या जागी काढले आणि मग सेंटरची जागा घेतली. उरलेली एक जागा बाजारातून भरली गेली, पण तीही कशी: न्यूयॉर्क जेट्सने २०२० मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला, गुडघ्याच्या दुखापतींनी मागे पडलेला टॅकल मेकाय बेक्टन एका वर्षाच्या करारावर आणून त्याला गार्ड केले. त्या हंगामात याच फळीमागून सेक्वॉन बार्कली चेंडू घेऊन २,००५ यार्ड धावला.

हे सारे पाहून ‘आपणही फिलाडेल्फियासारखे करावे’ असे म्हणणे सोपे आहे, पण त्यामागे २०१३ पासून त्या संघाचा लाइन प्रशिक्षक राहिलेला जेफ स्टाउटलंड होता. मुख्य प्रशिक्षक बदलले तरी तो टिकला, आणि म्हणून शिकवण्याची पद्धतही टिकली. ज्या संघात दर दोन वर्षांनी लाइन प्रशिक्षक बदलतो, तिथे सातव्या फेरीच्या खेळाडूसाठी दोन वर्षे थांबण्याला अर्थ उरत नाही. आणि फिलाडेल्फियाचीही प्रत्येक निवड फळली असे नाही. २०१९ मध्ये वरच्या क्रमांकासाठी किंमत मोजून पहिल्या फेरीत घेतलेला आंद्रे डिलर्ड याला अखेर मेलाटापुढे जागा सोडावी लागली. ड्राफ्टचा मार्ग निवडताना एका जागेसाठी दोन माणसे हाताशी ठेवावी लागतात, ही यातली खरी किंमत. न्यूयॉर्क जायंट्सचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. २०१८ मध्ये टॅकल नेट सोल्डरला चार वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर, २०२० मध्ये चौथ्या आणि २०२२ मध्ये सातव्या क्रमांकाची निवड पुन्हा टॅकलसाठीच, असे सगळे करूनही २०२३ मध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकना मिळून ८५ वेळा पाडण्यात आले. त्यांतला अँड्र्यू थॉमस चांगला निघाला, पण एका टोकाला चांगला माणूस आणि मध्ये पोकळी असली की फळी उभी राहत नाही.

तर निवड कशी करावी? माझ्या मते पहिला प्रश्न क्वार्टरबॅकच्या कराराचा आहे. बेंगल्सना २०२२ मध्ये तीन अनुभवी खेळाडू घेणे शक्य झाले, कारण बरो तेव्हा ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूला मिळणाऱ्या चार वर्षांच्या स्वस्त पहिल्या करारावर होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचा पाच वर्षांचा, २७ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाल्यावर ती सोय संपली. महोम्सचा ४५ कोटी डॉलरचा दहा वर्षांचा वाढीव करार २०२० मध्येच झालेला होता, आणि महामारीमुळे २०२१ ची प्रत्येक संघाची एकूण पगारमर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाख डॉलरवर आली होती. म्हणून कॅन्सस सिटीला एका महागड्या गार्डशेजारी दोन नवखे उभे करावे लागले आणि ती तडजोड उत्तम ठरली. क्वार्टरबॅकचा पगार आधीच मोठा असेल तर हाच मार्ग धरावा. क्वार्टरबॅक नवा असेल आणि त्याच्या स्वस्त कराराची दोन-तीन वर्षे उरली असतील, तर खरेदी करावी, पण ती आतल्या तीन जागांसाठी, म्हणजे सेंटर आणि दोन गार्डसाठी.

आतल्या जागांसाठीच का, हे शिकागो बेअर्सने अलीकडे दाखवून दिले. २०२४ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स याला त्याच्या पहिल्याच हंगामात ६८ वेळा पाडण्यात आले. मार्च २०२५ मध्ये संघाने ट्रेडमधून गार्ड जोना जॅक्सन आणि थूनी, तर बाजारातून सेंटर ड्रू डालमन आणला. उजवा टॅकल डार्नेल राइट हा त्यांनीच २०२३ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडलेला होता, आणि डावीकडे त्यांनी हातातल्या तरुणांतूनच माणूस काढला. पुढच्या हंगामात विल्यम्सवरील सॅक निम्म्याहूनही कमी झाले. चांगला गार्ड वा सेंटर दरवर्षी बाजारात येतो, कारण संघ त्यांना टॅकलइतके जपत नाहीत. चांगला, तरुण, निरोगी टॅकल मात्र क्वचितच मोकळा सोडला जातो. तो मोकळा सुटला असेल तर त्यामागचे कारण शोधल्याशिवाय त्याच्यावर तीन वर्षांचा पैसा लावू नये.

ज्या संघाकडे अजून क्वार्टरबॅकच नाही, त्याने घाईने अनुभवी खेळाडू घेऊ नयेत. त्यांचे उमेदीचे हंगाम कोणाच्याच उपयोगी पडणार नाहीत. अशा संघाने दरवर्षी ड्राफ्टमधून एक-दोन लाइनमन घेत राहावे आणि लाइन प्रशिक्षक सांभाळावा. पण ड्राफ्टमधून मिळालेले यशही चौथ्या वर्षानंतर महाग होते, याचा हिशेब आधीच मांडावा लागतो. हम्फ्रीला ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर द्यावे लागले. पुढच्या मार्चमध्ये ट्रे स्मिथवर फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला एका वर्षासाठी संघात राखण्याची तरतूद) लावून त्याला रोखून धरल्यावर कॅन्सस सिटीने थूनीला शिकागोकडे सोपवले, आणि जुलैमध्ये सहाव्या फेरीच्या त्याच स्मिथशी चार वर्षांसाठी ९ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला.