लाइमची दोन टप्प्यांची तपासणी: नसांच्या तक्रारींसाठी कितपत कामाची?

न्यू जर्सी, कनेटिकट, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर ‘बेल्स पाल्सी’ (कारण न सापडलेला चेहऱ्याचा लकवा) म्हणून विषय मिटवण्याआधी लाइमची, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या जंतुसंसर्गाची, ही रक्ततपासणी मागा. दोन्ही बाजू लुळ्या पडल्या तर नक्कीच. तसंच पाठीत किंवा बरगड्यांच्या पट्ट्यात रात्री उसळणारी, गोळ्यांना दाद न देणारी कळ असेल आणि एमआरआयमध्ये मणके ठीक असतील तरीही.

ऑर्डरवर ‘विथ रिफ्लेक्स’ लिहून घ्या. म्हणजे पहिली एलायझा (रक्तात या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह किंवा काठावर आली की त्याच नमुन्यावर पुढची चाचणी आपोआप होते, पुन्हा सुई नाही. दुसऱ्या टप्प्यात पूर्वी वेस्टर्न ब्लॉटच (अँटिबॉडी वेगवेगळ्या पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) असे, 2019 पासून अमेरिकेत दुसरी एलायझाही चालते.

लोक फसतात ते ब्लॉट वाचताना. आयजीजीच्या (उशिरा येऊन टिकणाऱ्या अँटिबॉडी) 10 पैकी 5 पट्ट्या हव्यात, आयजीएमच्या (सुरुवातीला येणाऱ्या अँटिबॉडी) 3 पैकी 2. आयजीएम फक्त पहिल्या 30 दिवसांत मोजायचं. सहा महिने मुंग्या येताहेत आणि आयजीएमच तेवढं पॉझिटिव्ह, तर बहुतेक वेळा ते खोटंच. ब्लॉटवरची ‘41’ क्रमांकाची एकटी पट्टी इतर जंतूंमुळेही उमटते, तिच्यावर औषध सुरू करू नये. उलट गोचीड चावल्याला दोनच आठवडे झाले असतील तर निगेटिव्हवर भरवसा नको, दोन-तीन आठवड्यांनी परत करा.

मेंदूच्या आवरणाला किंवा मज्जारज्जूला झळ पोहोचल्याची शंका असेल तर नुसत्या रक्तावर भागत नाही. पाठीतलं पाणी (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) आणि रक्त एकाच दिवशी घेऊन ‘अँटिबॉडी इंडेक्स’, म्हणजे दोन्हींतल्या अँटिबॉडींची तुलना, काढावा लागतो, कारण रक्तातल्या अँटिबॉडी पाण्यात झिरपतात. फक्त पाण्याचा ब्लॉट करून दिलेला अहवाल निरुपयोगी. पाण्याची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून लाइम नाही, असंही नाही. त्या पाण्यातलं सीएक्ससीएल13 हे प्रथिन लवकर वाढतं, पण न्यूरोसिफिलिसमध्येही (मेंदू-मज्जासंस्थेतला सिफिलिस) वाढतं.

लघवीतल्या अँटिजेनच्या आणि सीडी57च्या (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची मोजणी) रोखीच्या चाचण्यांवर मात्र एक डॉलरही घालवू नका.

गोचीड युरोपात चावली असेल तर लॅबला आधी सांगा. तिथल्या जंतूच्या प्रजाती वेगळ्या असतात आणि अमेरिकी निकष त्यांना नीट लागू पडत नाहीत. अमेरिकेत मुलांकडे उन्हाळा घालवून पुण्याला परतलेल्या आई-वडिलांचा चेहरा काही आठवड्यांनी वाकडा झाला, तर तिथल्या डॉक्टरांना प्रवास आपण होऊन सांगावा लागतो, एरवी लाइमचा विचार कुणी करणार नाही. उपचारानंतर ‘बरं झालं का’ हे पाहायला तपासणी पुन्हा करू नका, अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहतात.