भाड्याचा स्पार्टन वेश: ढालीसाठी घ्या, बाकीचं निवडून

गिरगावातल्या एका ड्रेपरीवाल्याकडे स्पार्टन (प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या नगरराज्याच्या) सैनिकाचा संच भाड्याने मिळतो: ढाल, भाला, शिरस्त्राण, लाल झगा, रबरी चिलखत. दिवसाला ७०० रुपये, डिपॉझिट वेगळं. एकांकिका बसवत असाल तर ढालीसाठी जरूर घ्या.

ढाल फायबरची, पण घडण अचूक. व्यास ९० सेंटिमीटर, परातीसारखी खोलगट. मधोमध कोपरापर्यंत हात सरकवायचा पट्टा आणि कडेला मुठीत धरायची दोरी. नाटकातल्या बहुतेक गोल ढालींना मध्ये नुसती मूठ असते, तिथे सगळं फसतं. मूळ ढाल लाकडी, वरून काशाचा पत्रा, वजन सहा-सात किलो. तो भार नुसत्या मनगटावर न येता सबंध हातावर यायचा, कड खांद्यावर टेकवता यायची. पट्टा मधोमध असल्याने डावा अर्धा भाग अंगाबाहेर राहतो आणि डावीकडच्या सोबत्याला झाकतो. म्हणून जो तो उजवीकडच्याच्या ढालीआड सरकायचा आणि अख्खी रांग उजवीकडे कलायची. मँटिनीयाच्या लढाईबद्दल (इ.स.पू. ४१८) लिहिताना ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने हे नेमकं टिपलंय. रांगेचा प्रवेश असेल तर उजवीकडे मोकळी जागा ठेवा, फार जिवंत दिसतं.

दुबळी जागा एकच: पट्टा दोन रिव्हेटवर आहे. ढालीवर ढाल आपटली की ताण तिथेच येतो, पातळ फायबरचं भोक मोठं होतं. आतून रुंद वायसर घालून नटबोल्ट मारून मागा.

भाला सव्वादोन मीटर, मध्ये आटे असलेले दोन तुकडे. लोकलच्या मालडब्यातून सहज जातो. खालचं टोक बोथट आहे. खऱ्या भाल्याला तिथे काशाची अणकुचीदार शेंबी असायची, पातं मोडलं तर तीच कामी यायची.

शिरस्त्राण कान झाकतं आणि आवाज घुमतो. संवादाला ते मागे सरकवून डोक्यावर ठेवा. ग्रीक चित्रांत, शिल्पांतही असंच दिसतं. त्यासाठी एक माप मोठं मागा, कारण स्पार्टन लांब केस राखत आणि विगही आत मावायला हवा.

सॅटिनचा झगा लाइटखाली चकाकतो, जाड मांजरपाट लाल रंगवलेलं बरं. लहान मुलांच्या प्रवेशाला चपला भाड्याने घेऊच नका: सातव्या वर्षापासून राज्याच्या शिक्षणात गेलेली ही मुलं पुढे अनवाणी, वर्षाला एका वस्त्रावर वाढत.

सोबत येणारे सोनेरी प्याले परत करा. स्पार्टन पुरुष सुमारे पंधरा जणांच्या सामायिक पंगतीत जेवायचे आणि जव, वारुणी, चीज, अंजीर दर महिन्याला आपापल्या वाट्याचं आणून द्यायचे. मातीचे प्याले आणि जवाच्या जाड भाकऱ्या ठेवा.